केबिनमध्ये धूर शिरतो कुठून?

१ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या प्रत्येक मध्यम आणि जड ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा झाला आहे. साडेतीन टनांवरची एन-२ आणि बारा टनांवरची एन-३, अशा दोन्ही वर्गांतली वाहनं त्यात येतात. मे महिन्याच्या उन्हात सुरतेहून माल भरून नवापूर, विसरवाडीमार्गे धुळ्याकडे गाडी हाकणाऱ्या माणसाला हे कितीतरी आधी मिळायला हवं होतं. निर्णयाचं आम्ही मनापासून स्वागत करतो. पण एसी आला की काच वर जाते आणि वरच राहते. आजवर फुटक्या गॅस्केटमधून आलेला धूर उघड्या खिडक्यांमुळे निदान पातळ तरी व्हायचा. आता तो बंद केबिनमध्ये फिरत राहील, आणि त्याच केबिनमध्ये ड्रायव्हर रात्री झोपेल.

म्हणून या महिन्याचं संपादकीय एका साध्या वाटणाऱ्या तक्रारीवर आहे: 'केबिनमध्ये वास येतो.' जॉबकार्डवर ही ओळ ब्रेक, क्लच, पिकअप यांच्या खाली, शेवटी लिहिली जाते आणि बहुतेक वेळा तशीच राहून जाते. मालक म्हणतो, डिझेलची गाडी आहे, वास येणारच. ड्रायव्हर डॅशबोर्डवर सुगंधाची डबी ठेवतो. आमचं म्हणणं असं की ही तक्रार ब्रेकच्या शेजारी लिहावी आणि ती मिटल्याशिवाय गाडी गॅरेजबाहेर काढू नये. डिझेलच्या धुराला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये पहिल्या गटात, म्हणजे माणसाला कर्करोग होतो हे सिद्ध झालेल्या पदार्थांत टाकलं. दिवसातले दहा-बारा तास केबिनमध्ये काढणाऱ्या माणसाच्या बाबतीत त्याचा अर्थ काय होतो, हे आपल्या धंद्यातल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

केबिनमध्ये वास येण्यासाठी दोन गोष्टी एकत्र याव्या लागतात. धूर कुठेतरी सुटला पाहिजे आणि त्याला आत यायला वाट मिळाली पाहिजे. आपल्याकडे पहिली गोष्ट शोधतात, जॉइंट आवळतात, गॅस्केट बदलतात आणि गाडी देऊन टाकतात. वाट तशीच उघडी राहते. चार महिन्यांनी दुसरा जॉइंट सुटला की धूर पुन्हा त्याच वाटेने वर येतो. या दोन गोष्टी वेगवेगळ्या शोधायच्या आणि दोन्ही बंद करायच्या, एवढंच आमचं सांगणं आहे. पण ते करायचं तर सुरुवात पान्याने न करता प्रश्नाने करावी लागते.

पहिला प्रश्न: "भाऊ, वास येतो केव्हा?" नंदुरबार जिल्ह्यातल्या मिस्त्रीला या प्रश्नाचं उत्तर तपासायला रस्ते घराजवळच मिळाले आहेत. विसरवाडीकडून दहिवेलकडे जाताना कोंडाईबारीचा चढ, अक्कलकुव्याहून मोलगीकडे देवगोईचा घाट, तळोद्याहून धडगावकडे चांदसैलीचा घाट. सपाटीवर लपलेला दोष असल्या चढावर बाहेर पडतो. भरलेली गाडी तिसऱ्या-दुसऱ्या गिअरमध्ये चढते तेव्हा मॅनिफोल्डमधला दाब आणि तापमान दोन्ही वाढतात. सपाटीवर गप्प असलेली गॅस्केट तिथे फुंकायला लागते. वास फक्त चढावर, भार असतानाच येत असेल तर आधी हेड आणि मॅनिफोल्डमधलं पॅकिंग, मग टर्बोचा फ्लँज, मग टर्बोच्या पुढचा बेलोज पाहावा. त्याच्याबरोबर "गाडी दम सोडते, काळा धूर टाकते" अशीही तक्रार असेल तर गळती टर्बोच्या आधी असण्याची शक्यता मोठी. टर्बोला फिरवणारा वायूच वाटेत निसटतो, मग बूस्ट कमी पडतो, हवा अपुरी पडते आणि डिझेल नीट जळत नाही. अशा गाडीचा पंप आणि नोझल उघडून बसण्याआधी मॅनिफोल्डवरून टॉर्च फिरवावा. निम्मा खर्च तिथेच वाचतो.

सकाळी थंड इंजिनावर वास येतो आणि अर्ध्या तासाने जातो, असं ड्रायव्हर सांगत असेल तर ते उत्तर फार उपयोगाचं आहे. मॅनिफोल्डला बारीक तडा असेल, किंवा त्याचं तोंड वाकडं झालं असेल, तर लोखंड तापून फुगलं की फट मिटते. दुपारी गॅरेजमध्ये आलेल्या गरम गाडीत ती कधीच दिसणार नाही. अशी गाडी रात्री ठेवून घ्यावी आणि पहाटे स्वतः स्टार्ट करावी. थंड इंजिनावर येणारा कच्च्या डिझेलचा वास मात्र वेगळा. त्याच्यासोबत पांढरा धूर असतो, आणि कधी रिटर्न पाइपचा वॉशर किंवा फिल्टरचा जॉइंट पाझरत असतो.

उतारावरची गोष्ट थोडी निराळी आहे. एक्झॉस्ट ब्रेक लावला की पाइपमधली झडप बंद होते आणि तिच्या मागे, म्हणजे इंजिनाच्या बाजूला, दाब एकदम चढतो. गळती असेल तर तो दाब तिथून वाट काढतो. पण त्या वेळी डिझेल बंद असतं, त्यामुळे सुटते ती मुख्यतः हवा. वास फारसा येत नाही, आवाज मात्र येतो. कोंडाईबारी उतरताना एक्झॉस्ट ब्रेकबरोबर 'फस्स फस्स' ऐकू येत असेल तर मॅनिफोल्डपासून झडपेपर्यंतच्या सगळ्या जोडांवर संशय घ्यावा. उतारावर जळका, घशाला लागणारा वास येतो तो बहुधा ब्रेक लायनरचा. तो धुराच्या तक्रारीत मोजायचा नाही, पण ती तक्रार सोडूनही द्यायची नाही.

उभ्या गाडीत, न्यूट्रलवर वास येतो, चालत्या गाडीत येत नाही, असं असेल तर सायलेन्सरचं तोंड कुठे उघडतं ते आधी पाहा. आणि गाडी कुठे उभी असताना वास येतो, तेही विचारा. हंगामात पुरुषोत्तमनगरच्या किंवा डोकाऱ्याच्या कारखान्यासमोर उसाच्या गाड्या एकामागे एक उभ्या असतात. पुढच्या गाडीचा धूर मागच्या गाडीच्या हवेच्या जाळीतून सरळ आत जातो. तिथे दोष आपल्या गाडीत नसतोच. रांगेतून बाजूला, मोकळ्या जागेत पाच मिनिटं गाडी चालू ठेवून पाहिल्याशिवाय कोणताही बोल्ट सोडू नये.

आता नाकाबद्दल. नाक हे चांगलं साधन आहे, पण ड्रायव्हरचं नाक साक्षीला घेऊ नये. सततच्या वासाला ते काही मिनिटांतच सरावतं. मिस्त्रीने मोकळ्या हवेत थोडं थांबून, मगच दार उघडून आत बसावं आणि पहिल्या दोन-तीन श्वासांत जे कळेल ते लिहून ठेवावं. डोळ्यांना झोंबणारा, तिखट वास जळालेल्या डिझेलचा. जड, तेलकट, गरम वास असेल तर ब्रीदर पाइप पाहा: बॅक कॉम्प्रेशन मारणाऱ्या जुन्या इंजिनाची वाफ इंजिन कव्हरखाली साठते आणि वर येते. टॅपेट कव्हरच्या पॅकिंगमधून ऑइलचा थेंब गरम मॅनिफोल्डवर पडत असेल तरी असाच वास येतो. सडक्या अंड्यासारखा वास आला तर तो धूर नव्हे, बॅटरी जास्त चार्ज होते आहे. गोडसर वास कूलंटचा.

आपल्या जिल्ह्यात नाकाची फसगत करणाऱ्या दोन गोष्टी आहेत आणि बाहेरच्या कोणत्याही सर्व्हिस मॅन्युअलमध्ये त्या सापडणार नाहीत. पहिली मिरची. नंदुरबारच्या बाजारातून लाल मिरची भरून निघालेल्या गाडीत ड्रायव्हरचे डोळे तसेही चुरचुरतात, खोकला तसाही येतो. धुराची सगळी लक्षणं तिथे मिरचीच्या नावावर जमा होतात. मिरचीच्या हंगामात आलेली गाडी रिकामी करून, केबिन झाडून, मगच तपासावी. दुसरी नवापूरची कोंबडी. २००६ च्या फेब्रुवारीत बर्ड फ्लूमुळे देशभर नाव झालेला हा तालुका पोल्ट्रीचा मोठा पट्टा आहे. कोंबडीखत वाहणाऱ्या गाडीला अमोनियाचा वास असतोच. बीएस-६ गाडीत डीईएफचं प्रमाण बिघडलं, इंजेक्टरवर खडे साचले किंवा एससीआर नीट चालेनासं झालं, तर नेमका अमोनियाचाच वास सुटतो. खताची गाडी धुऊन उन्हात उभी केल्यावरही तो राहिला, तर दोष एससीआरकडे शोधावा.

बीएस-६ चा विषय निघालाच आहे तर एक मुद्दा नीट समजून घेण्यासारखा आहे. १ एप्रिल २०२० नंतरच्या या गाड्यांत धूर आधी डीओसीमधून, मग डीपीएफ आणि एससीआरमधून जातो. डिझेलमधलं गंधकही आता १० पीपीएमवर आलं आहे. त्यामुळे सायलेन्सरच्या तोंडाशी वास जवळजवळ नसतो. अशा गाडीच्या केबिनमध्ये जुन्या गाडीसारखा झोंबणारा वास येत असेल तर धूर डीओसीपर्यंत पोचायच्या आधीच सुटतो आहे, हे उघड आहे. मॅनिफोल्ड, टर्बोचा जोड, ईजीआरचा पाइप आणि कूलर, त्यातला बेलोज. शोध एवढ्याच टप्प्यात करायचा, मागे जायचं कारण नाही. रिजनरेशन चालू असताना मात्र गरम, करपट वास येऊ शकतो. त्या वेळी डीपीएफ साडेपाचशे-सहाशे अंशांपर्यंत तापलेला असतो. उसाच्या फडात वाळलेल्या पाचटावर गाडी उभी करून रिजनरेशन होऊ देऊ नये, हे ऊस वाहणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरला आपण गाडी देतानाच सांगायला हवं.

गळती पक्की करायची तर थंड मॅनिफोल्डच्या जोडावर साबणाचं पाणी लावून इंजिन चालू करा. लोखंड तापायच्या आत बुडबुडे दिसतात. जुन्या गाडीत जाड हातमोजा घालून ओल्या पोत्याने सायलेन्सरचं तोंड क्षणभर अर्धवट दाबलं तरी दाब वाढून आवाज येतो. बीएस-६ गाडीत हे करू नये, तिथे धूर सोडणारं यंत्र किंवा बाहेरून हलका हवेचा दाबच वापरावा. सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे जोड पुसून त्यावर चुन्याचा पातळ हात फिरवणं. गाडी भरून चढावर नेऊन आणा. धूर जिथून सुटला असेल तिथे पांढऱ्यावर काजळीची रेघ उमटते, आणि ती मालकाला दाखवताही येते.

एवढं झालं की अर्धं काम झालं. उरलेलं अर्धं केबिनमध्ये आहे. गिअर लिव्हरचा फाटलेला रबर बूट, क्लच आणि ॲक्सिलरेटरच्या पेडलची भोकं, स्टिअरिंग कॉलमचं रबर, इंजिन कव्हरची बसलेली बीडिंग, गंजून उडालेला पायाखालचा पत्रा. यांपेक्षा वाईट म्हणजे आपणच पाडलेली भोकं. म्युझिक सिस्टिमची वायर, जीपीएसची वायर, जादा दिव्यांची वायर, प्रत्येकीसाठी पत्र्याला ड्रिल मारलं जातं आणि ग्रोमेट कुणी बसवत नाही. अमेरिकेत फोर्डच्या एक्सप्लोरर मोटारींबाबत अशाच वासाच्या तक्रारींची सरकारी चौकशी २०१६ मध्ये सुरू झाली आणि जानेवारी २०२३ मध्ये संपली. पोलिसांच्या गाड्यांवर दिवे आणि यंत्रं बसवताना पाडलेली, नीट न बुजवलेली भोकं आणि मागून धडक बसलेल्या गाड्यांची सदोष दुरुस्ती, यांतून धूर आत जात होता, असं त्यात आढळलं. पेट्रोलची महागडी मोटार असो की आपला दहाचाकी, भोक ते भोकच.

भोकं शोधायला अंधार पडू द्यावा. एकाने केबिनखाली मोठा टॉर्च धरावा, दुसऱ्याने आत दिवे बंद करून बसावं. उजेड जिथून येईल तिथून धूरही येतो. मग सगळी दारं-काचा लावून, ब्लोअर बंद ठेवून, पेटवलेली उदबत्ती प्रत्येक बूट, पेडल आणि बीडिंगजवळून फिरवावी. धुराची रेघ जिथे थरथरेल किंवा वळेल तिथे हवा ये-जा करते आहे.

इथे हवेच्या दाबाचं गणित ध्यानात ठेवायला हवं, कारण त्यात ड्रायव्हर हमखास फसतो. वास आला की तो बाजूची काच खाली करतो. चालत्या गाडीत उघड्या काचेतून हवा बाहेर ओढली जाते, केबिनमधला दाब घटतो आणि पायाखालच्या भोकांतून धूर आणखी जोराने आत येतो. मागची सरकती काच उघडी असली तर केबिन आणि बॉडीमधल्या भोवऱ्यातला धूरही त्यात भर घालतो. ऊस किंवा कापूस उंच रचलेला असला की तो भोवरा बदलतो, म्हणूनच काही गाड्यांत वास भरलेल्या फेरीत येतो आणि रिकाम्या फेरीत येत नाही. वाटेत तातडीचा उपाय म्हणून एसी 'आतली हवा' वरून 'बाहेरची हवा' वर घ्यावा आणि ब्लोअर पूर्ण वेगाने सोडावा. केबिनमधला दाब वाढला की भोकांतून हवा उलटी, बाहेर जाते. त्यानेही वास वाढला तर हवा घेणारी जाळीच धुराच्या टप्प्यात आहे. तसं असेल तर गाडी बाजूला घ्यावी.

सायलेन्सरचं तोंड हा तर कायद्याचाच विषय आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला ११२ वा नियम सांगतो की इंजिनाचा धूर खाली किंवा डाव्या बाजूला सोडता येणार नाही. अमेरिकेच्या नियमात तर ड्रायव्हरच्या जागेपुढे किंवा तिच्या बरोबर खाली एक्झॉस्ट गळता कामा नये, असं स्पष्ट लिहिलं आहे. आपल्याकडे सायलेन्सर सडला की तो कापून तोकडा पाइप वेल्ड करण्याची सवय आहे. तो पाइप केबिनच्या पोटाखालीच तोंड उघडतो. पैसे वाचतात मालकाचे आणि धूर जातो ड्रायव्हरच्या छातीत. असं काम आपण घेऊ नये. मॅनिफोल्डच्या तड्यावर इपॉक्सी भरणं हेही तसंच: भाराखाली पाचशे-सहाशे अंशांचा वायू जिथून वाहतो तिथे ते टिकत नाही. तोंड सपाट करून घ्यावं, नवं पॅकिंग टाकावं आणि बोल्ट मधून सुरू करून बाहेरच्या बाजूला, ठरलेल्या टॉर्कने आवळावेत.

वासाबद्दल एवढं बोललो, पण सर्वांत घातक वायूला वासच नसतो. कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट धरतो. डोकं जड होणं, मळमळ, झापड ही त्याची लक्षणं, आणि ड्रायव्हरच्या बाबतीत ती जागरणाच्या किंवा दारूच्या खात्यात टाकली जातात. डिसेंबर २०२४ मध्ये केरळातल्या वडकरा इथे रस्त्याकडेला उभ्या असलेल्या कारवानमध्ये दोन माणसं मृतावस्थेत सापडली. एसीसाठी चालू ठेवलेल्या जनरेटरचा कार्बन मोनॉक्साइड आत शिरला होता. आता कारखान्याच्या रांगेत, सीमा तपासणी नाक्यावर, ढाब्यामागे इंजिन चालू ठेवून एसीत झोपणारे ट्रक ड्रायव्हर वाढणार आहेत.

प्रत्येक गॅरेजने कार्बन मोनॉक्साइडचा मीटर घ्यावा असा आमचा आग्रह आहे, पण त्याची मर्यादा ओळखून. डिझेल इंजिन जादा हवेवर चालतं, त्याच्या धुरात हा वायू पेट्रोलच्या मानाने कमी असतो. त्यामुळे मीटर शून्य दाखवत असला तरी धूर येत नाही असा निष्कर्ष काढू नये. डोळे झोंबत असतील तर नायट्रोजनची ऑक्साइडं आणि काजळी आत येतच आहे. आकडा दिसलाच तर मात्र गाडी तिथेच थांबवावी. अमेरिकेतली कामगार आरोग्य संस्था नायोश पूर्ण पाळीची सरासरी ३५ पीपीएमपर्यंत आणि कोणत्याही क्षणी २०० च्या आत, अशी मर्यादा सांगते. ड्रायव्हरला चक्कर आली असेल तर बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर विसंबू नका. कार्बन मोनॉक्साइडने भरलेलं रक्तही तो निरोगीच दाखवतो. माणसाला मोकळ्या हवेत न्यावं आणि जिथे ऑक्सिजन मिळेल अशा दवाखान्यात लगेच पोचवावं.

पीयूसी चाचणी सायलेन्सरच्या तोंडाशी होते. मधे कुठे किती धूर निसटून केबिनमध्ये गेला, ते त्या कागदावर येत नाही. फिटनेस तपासणी आठ वर्षांपर्यंतच्या गाडीची दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी होते. त्या वेळी काचा बंद करून, इंजिन चालू ठेवून तपासनिसाने पाच मिनिटं केबिनमध्ये बसावं, अशी आमची परिवहन विभागाकडे मागणी आहे. खर्च काही नाही, यंत्र लागत नाही. तोवर ते काम आपल्या अंगणात होऊ द्या. दुरुस्तीनंतर भरलेली गाडी घाटावर न्यावी, काचा बंद ठेवून ब्लोअरच्या दोन्ही स्थितींत चालवावी, क्लिनरच्या जागेवर मिस्त्रीने स्वतः बसावं आणि मगच जॉबकार्डवर सही करावी.

कोणत्या मॉडेलच्या केबिनमध्ये, नेमकी कोणत्या जागी वाट सापडली, हे वाचकांनी फोटोसह आमच्याकडे पाठवावं. गाडीचं साल, बॉडी कंपनीची की स्थानिक कारागिराची, आणि वास कोणत्या वेळी येत होता, एवढं सोबत लिहावं. पुरेशी माहिती जमली की मॉडेलवार आकृत्या पुढच्या अंकांतून छापू.